रावपुऱ्यातली १९१२ची पेढी : दुरुस्तीच्या नोंदी

इमारत कशी आहे ते आधी. बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या हमरस्त्यावर २२ फूट दर्शनी रुंदी, ६० फूट खोली. खाली दोन दुकानं, वर पणजोबांची पेढी आणि तिच्यामागे दोन कोठ्या. दुकानांवर पुढच्या भिंतीपासून आतल्या आडभिंतीपर्यंत गेलेले पाच लोखंडी गर्डर आहेत आणि दर दोन गर्डरांच्या मधे विटांची चपटी कमान. पेढीवर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. रस्त्यावरून कौलं दिसत नाहीत, कारण पुढे छातीएवढा कठडा उभा केलाय. त्यावर मधोमध गिलाव्यात ‘शके १८३४’ काढलंय, म्हणजे १९१२. कठडा आणि कौलांच्या मधे एक दडलेली पन्हळ आहे. सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

बडोद्यात अशा इमारती अजून बऱ्याच आहेत. न्यायमंदिर आणि रावपुऱ्याचा टॉवर १८९६चे, खंडेराव मार्केट १९०६-०७च्या सुमाराचं, बँक ऑफ बडोदा मांडवीत सुरू झाली ती १९०८ साली. सयाजीरावांच्या त्या काळात ज्याची पेढी चालत होती त्याने रस्त्याला तोंड करून पक्कं बांधलं. मोठ्या इमारतींकडे निदान लोकांचं लक्ष असतं. या लहान इमारती दुकानांच्या बोर्डांमागे झाकल्या जातात आणि एक दिवस तिथे रिकामा प्लॉट दिसतो. आमची तशी जाऊ नये म्हणून हे काम काढलं. ज्यांच्याकडे अशीच वडिलोपार्जित इमारत आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय, खर्चासकट.

गेल्या पावसाळ्यात कठड्याखालच्या कंगोऱ्याचा हातभर तुकडा रात्री फुटपाथवर पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. त्यानंतर दोन सल्ले मिळाले. एक, इमारत उतरवून टाका. दुसरा एका ठेकेदाराचा: वॉटरप्रूफिंग, वरून सिमेंटचा गिलावा आणि रंग, मिळून पावणेतीन लाख. पाणी कुठून येतं हे दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.

२ नोव्हेंबर २०२४

आज बेसतं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष. दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत दुकानं बंद, म्हणून हाच मुहूर्त धरला. मजूर सगळे गावी गेलेले. मी आणि चुलतभावाने दोन्ही दुकानांतली पीओपीची खोटी छतं पुढच्या बाजूने उघडली. भाडेकरूंना आधी सांगून ठेवलं होतं, दोघंही तयार होते. त्यांची भाडी जुन्या भाडे कायद्यातली आहेत, महिन्याच्या भाड्यात कौलांची एक रांगही बदलून होणार नाही. पण माणसं चांगली आहेत आणि त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून इथे आहेत.

वर टॉर्च मारला तर गर्डरवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड’. पुढे सिडनी बंदरावरचा पूल ज्यांनी बांधला तीच ही कंपनी. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तयार व्हायला लागलं तेही १९१२मध्येच, त्यामुळे आमच्या पणजोबांना विलायती मालच मिळाला असणार.

महत्त्वाचं हे: पाचही गर्डर मधे आणि आतल्या टोकाला ठणठणीत आहेत, मूळचा शेंदरी रंगसुद्धा जागोजागी टिकलाय. गंज आहे तो फक्त पुढच्या भिंतीलगतच्या दोन-अडीच फुटांत. तिथे पापुद्रे सुटलेत, स्क्रू ड्रायव्हर लावला की चकतीच हातात येते. म्हणजे छत गळत नाहीये. पुढची भिंत आतून ओली आहे आणि ती ओल गर्डरची टोकं खातेय.

खोटी छतं परत बसवायची नाहीत असं दोघांशी ठरलं. छत झाकलेलं नसतं तर हे वीस वर्षांपूर्वीच दिसलं असतं.

१० नोव्हेंबर

कौलांवर चढलो. थेट कौलांवर पाय देऊ नका; वाशांच्या दिशेने फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून सरकायचं. पुढच्या पन्हळीत मूळचा जस्ती पत्रा होता, त्याचा काठ तेवढा उरलाय. त्यावर कोणी सिमेंट, त्यावर डांबर, त्यावर पांढरं केमिकल असे थर चढवत गेलेत. प्रत्येक थराने पन्हळीचा तळ वर आला आणि उतार उलटा झाला.

पन्हळीचं पाणी उतरायचं ते डाव्या कोपऱ्यातल्या बिडाच्या नळातून, आणि हा नळ भिंतीच्या खांबात चिणलेला आहे. बाहेरून नळ आहे हे कळतच नाही. वरून दोन बादल्या पाणी ओतलं. खाली ओट्याजवळच्या तोंडातून थेंब आला नाही. अर्ध्या तासाने डावीकडच्या दुकानात पहिल्या गर्डरच्या टोकाशी वीट काळी पडायला लागली आणि पाणी गर्डरच्या खालच्या पट्टीवरून ओघळलं. पावसाचा एक थेंब नसताना.

नळात सळई घालून बोळा बाहेर काढला तो इथे लिहून ठेवण्यासारखा आहे. सगळ्यात वर कबुतराची पिसं आणि काड्या. त्याखाली मांजाचा गुंता, गुलाबी, हिरवा, पांढरा, एकमेकांत इतका घट्ट बसलेला की कात्रीने कापावा लागला. त्यात पतंगांच्या बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या अडकलेल्या आणि मधे कागदाचा लगदा, त्यावर अजून जांभळा रंग. सगळ्यात खाली डांबराचा गोळा. कोणत्या तरी दुरुस्तीत वितळलेलं डांबर नळात गेलं, त्याने तोंड अरुंद झालं आणि पुढची कित्येक वर्षं दर उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, भर पडत गेली.

ज्यांच्या इमारतीला कठडा आहे आणि पावसाचा नळ बाहेरून दिसत नाही, त्यांनी बाकी काही करायच्या आधी ही बादलीची तपासणी करावी. फुकट आहे.

१७ नोव्हेंबर

चुना भिजत घातला. राजस्थानातल्या गोटणचा कळीचा चुना मागवला. पोत्यातली तयार चुन्याची फक्की रंगकामाला ठीक असेल, गिलाव्याला आमचे गवंडी कडियाकाका ती घेऊच देत नाहीत. मागच्या चौकात खड्डा करून आत प्लास्टिक अंथरलं. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. खळाखळा उकळतो, वाफ तोंडावर येते. डोळ्यांना चष्मा हवाच. निवल्यावर जाळीतून गाळून वर चार बोटं पाणी ठेवून झाकला. फेब्रुवारीपर्यंत हात लावायचा नाही.

घरात बांधकामाच्या खर्चाची वही आहे, मोडीत. दांडिया बाजारातल्या एका काकांनी वाचून दिली. चुना, सुरखी (विटांची पूड), गूळ, बेलफळ, वाळू, ‘लोखंडी गडर बी.बी.सी.आय. रेल्वेने’ (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) असं ओळीने लिहिलंय. सिमेंटचं नाव नाही. दर्शनी गिलाव्याला काय वापरायचं हा प्रश्न तिथेच मिटला.

१ डिसेंबर

पुढची परांची उभी राहिली. फुटपाथवरून लोकांना जाता यावं म्हणून खालचा टप्पा सात फूट उंच ठेवला, वर हिरवी जाळी.

सिमेंटचा गिलावा काढणं हे या कामातलं सगळ्यात वाईट काम. मजुरांनी आधी ग्राइंडरने चौकोन पाडले, लवकर होईल म्हणून. पातं गिलाव्यातून आरपार जाऊन विटेत पाव इंच शिरलं. पहिल्या कमानीच्या बाजूला त्या रेघा आता कायमच्या आहेत. ग्राइंडर बंद केला. नंतर लहान छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन आधीच पोकळ वाजणाऱ्या जागेपासून सुरुवात केली. पोकळ भागातून आत शिरलं की तव्याएवढे तुकडे आपोआप सुटतात. जिथे सिमेंट घट्ट धरून बसलंय तिथे ते विटेचं तोंड घेऊनच निघतं. अशा जागी कडियाकाकांनी हात थांबवला: “वीट गेली तर मागे काही नाही. राहू दे, कडा तासून घे.” उजव्या खांबावर दीड फुटाचा पट्टा तसाच ठेवलाय.

आत वीट ओलीकच्च निघाली. पाऊस जाऊन दोन महिने झाले तरी. सिमेंटने पाणी आत येऊ दिलं, भेगांतून, पण बाहेर जाऊ दिलं नाही. लोणा (विटांतला खार) फुलून विटांची पीठं झालीत, कठड्याखालच्या दोन थरांत तर बोट जातं. त्या विटा बदलाव्या लागतील.

भिंत आता उघडीच ठेवायची. गिलाव्याची घाई नाही, वाळू दे.

१५ डिसेंबर

पन्हळ. तळातलं सगळं खरवडून मूळ लाकडी फळ्यांपर्यंत गेलो, त्यातल्या निम्म्या कुजलेल्या. नव्या फळ्या बसवताना दहा फुटांना दीड इंच उतार दिला. तांब्याचा पत्रा परवडला नाही. ३०४ ग्रेडचा स्टेनलेस पत्रा, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, तीन तुकड्यांत. पत्र्याचा काठ कौलांखाली नऊ इंच वर घेतला आणि दुसरा कठड्याच्या दर्जेत घुसवून चुन्याने बंद केला.

चिणलेला बिडाचा नळ वापरायचाच नाही असं ठरवलं. तो मधेच फुटलाय, आणि भिंत फोडून बदलला तरी पुढच्या तुंबण्याला तीच कथा. त्याचं तोंड वरून बंद केलं. नवा नळ डाव्या कोपऱ्याच्या आतल्या वळणावर, भिंतीपासून दोन इंच सुटा, बाहेरून. समोरून जरा दिसतो. दिसू दे. तुंबला तर कळेल तरी.

आणि एक तोटी. कठड्याला आरपार भोक पाडून पन्हळीच्या काठापेक्षा तीन इंच खाली एक जादा पाण्याची तोटी बसवली, नऊ इंच बाहेर आलेली. नळ तुंबला तर पाणी भिंतीत न जाता तोटीतून थेट रस्त्यावर पडेल आणि फुटपाथवरचा पहिला माणूसच आरडाओरडा करेल. या साऱ्या कामात कोणी एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. खर्च दोन हजारांच्या आत.

१२ जानेवारी २०२५

परवा उत्तरायण. शिडी काढून पेढीत कुलुपात ठेवली, परांचीच्या खालच्या टप्प्याला पत्रे बांधले. दर वर्षी शेजारच्या गच्चीवरची पोरं कटलेल्या पतंगामागे आमच्या कौलांवर उतरतात. त्यांना ओरडून उपयोग नसतो, मीही त्या वयात तेच केलंय. यंदा दोन्ही शेजारी घरी जाऊन पन्हळ दाखवली, नळातला तो मांजाचा बोळा बरणीत ठेवलाय तोही दाखवला. बरणीचा परिणाम चांगला झाला.

वासी उत्तरायण (उत्तरायणाचा दुसरा दिवस) संपलं की दुसऱ्या सकाळी पन्हळ साफ. हे आता वर्षाचं ठरलेलं काम, जूनच्या आधी पुन्हा एकदा.

२ फेब्रुवारी

सुरखीने वेळ खाल्ला. भट्टीवरून आणलेली विटांची पूड दिसायला सुरेख, लालभडक. चुना, सुरखी, वाळू एकास एकास दोन घेऊन मागच्या भिंतीवर नमुन्याचा हात मारला. वरून कडक झाला, आतून आठवडाभराने सुद्धा बोटाने उकरता येत होता.

काकांनी चाचणी सांगितली ती अशी. चुना आणि सुरखी कालवून पेढ्याएवढ्या टिकल्या करायच्या, दोन दिवस सावलीत ठेवायच्या, मग पाण्याच्या वाटीत सोडायच्या. भट्टीच्या सुरखीची टिकली संध्याकाळपर्यंत कडेने विरघळून वाटीत लाल गाळ झाला. दुसरी टिकली आमच्याच कठड्यातून काढलेल्या जुन्या, कमी भाजलेल्या पिवळट विटा कुटून केली होती. ती आठवडा पाण्यात राहिली आणि बाहेर काढून जमिनीवर टाकली तर टणकन वाजली.

कारण भाजण्यात आहे. आजच्या कोळशाच्या भट्टीत वीट फार कडक भाजते आणि अशा विटेची पूड चुन्याला धरत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. मंद आचेवर भाजलेली वीट हवी. आम्ही बदललेल्या विटांचा चुरा जपून ठेवला होता, लोणा लागलेला वेगळा काढून टाकला. उरलेली गरज एका पडक्या घराच्या विटांवर भागवली. मजूर लावून कुटून, चाळून घेतली. नमुन्याचा सगळा हात उतरवावा लागला.

२३ फेब्रुवारी

गर्डर. फॅब्रिकेटरचं म्हणणं होतं की खालून जाड पट्ट्या वेल्ड करू, दोन दिवसांचं काम. स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी आधी एका टोकाचा नमुना तपासायला पाठवला. गंधकाचं प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरंच जास्त आलं. असं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगत तडकू शकतं. शिवाय गर्डरच्या दोन्ही अंगांना विटांच्या कमानी टेकलेल्या, त्यांचा चुना तापवायचा नव्हता.

मग असं केलं: पुढच्या भिंतीपासून तीन फूट आत, जिथे गर्डर पुन्हा निरोगी होतात, तिथे एक नवी आडवी तुळई. बाजूच्या भिंतींत आणि दोन दुकानांमधल्या खांबावर दगडी बैठक करून तिच्यावर ठेवली. जुने पाच गर्डर आता तिच्यावर टेकतात. पुढच्या गंजक्या टोकांवर भार जवळजवळ राहिलाच नाही. जुन्या लोखंडाला एकही भोक पाडलं नाही, उद्या कोणाला याहून चांगला उपाय सुचला तर ही तुळई काढताही येईल.

नवी तुळई आणि जुना गर्डर यांच्यामधे पोलादी पॅकिंग सारून भार घ्यायचा असतो. तिसऱ्या गर्डरशी फॅब्रिकेटरच्या माणसाने एक पॅकिंग घणाने ठोकून बसवलं आणि वरच्या कमानीत केसाएवढी चीर उमटली. बाईंनी तिथेच काम थांबवलं, पॅकिंग सैल करून पुन्हा पातळ पत्रे एकेक करत घातले, चिरेवर काचेची पट्टी चिकटवली. पट्टी अजून शाबूत आहे, म्हणजे चीर वाढलेली नाही. ज्यांना हे करायचंय त्यांनी लक्षात ठेवावं: उचलायचं नाही, फक्त टेकवायचं.

गंजकी टोकं तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा प्रायमर लावला. भिंतीत ती ज्या कोनाड्यात बसतात तिथे भोवती बोटभर जागा मोकळी ठेवली, चुना ठासून भरला नाही.

दोन्ही दुकानं या काळात सुरू होती. काम रात्री नऊनंतर. डावीकडच्या भाईंनी रोज रात्री स्वतः थांबून सगळ्यांना चहा दिला.

११ मार्च

मजूर होळीला दाहोदकडे निघाले. होळी त्यांचा सगळ्यात मोठा सण, रंगपंचमी उलटल्याशिवाय परत येत नाहीत. कोणीही बडोद्यात काम काढलं तर मार्चचे दोन-तीन आठवडे हिशेबात धरूच नका. तेवढी भिंत अजून वाळली.

६ एप्रिल

दर्शनी गिलावा सुरू. भिंतीचं तोंड पश्चिमेला. पहिली कमान दुपारी केली. चारच्या उन्हात तासाभरात रंग बदलला आणि सकाळी जाळीसारख्या चिरा. पूर्ण उतरवली.

आता असा क्रम: आदल्या संध्याकाळी भिंत भरपूर भिजवायची, सकाळी सहाला सुरू, अकराला बंद. पाऊण इंचाहून जास्त थर एका वेळी नाही, शक्यतो अर्धाच. काकांच्या लाकडी थापीने तासातासाने ठोकत राहायचं, चीर पडत असेल तर ठोकण्यानेच मिटते. मग बाराच्या आत ओली गोणपाटं लावून वरून जाळी. गोणपाटांना दिवसातून पाच-सहा वेळा पाणी, रविवारी सुद्धा. रविवारची पाळी घरच्या मंडळींनी वाटून घेतली.

गूळ आणि बेलफळाचं पाणी वहीत आहे म्हणून घातलं, काकांनी हाताच्या अंदाजाने. जास्त गूळ घातला तर चुना बसायला वेळ लावतो आणि मुंग्या येतात, असं ते म्हणाले आणि एका बादलीत तसं झालंही.

कंगोऱ्यासाठी जुन्या शाबूत भागावर कागद धरून आकार उतरवला, पत्र्याचा साचा कापला आणि ओल्या चुन्यावरून दोरीच्या ओळीने ओढला. काका हे तीस वर्षांनी करत होते. त्यांच्या मुलाने पहिल्यांदाच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी साचा त्याच्याच हातात होता. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद त्या सकाळी झाला.

७ मे

अवकाळी पाऊस, सोबत जोराचा वारा. परांचीवरची जाळी फाटून शेजारच्या तारेवर. ताज्या भागातला उजवा कोपरा धुपला, साधारण दहा चौरस फूट. परत करावा लागेल. पन्हळ मात्र व्यवस्थित चालली, नळातून धो धो पाणी. कठड्याखाली कोरडं. पहिल्यांदाच.

२५ मे

लाकूड. पेढीसमोरची गॅलरी सागवानी हस्तांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी टेकूंवर, उभी आहे. सहा हस्तांपैकी दोघांची भिंतीतली टोकं कुजलेली, बाकीचं लाकूड नव्यासारखं. सुतारमामांनी पूर्ण हस्त न बदलता कुजका भाग कापून तिरक्या सांध्याने जुनंच सागवान जोडलं, सागाच्या खुंट्या मारून. जुनं सागवान घनफुटाला साडेतीन हजारांनी मिळालं. नवं लाकूड जोडू नका, ते अजून हलतं आणि सांधा उघडतो.

ऑइलपेंटचे पाच थर. गरम हवेची गन आणली होती, ती वापरली नाही. इतक्या जुन्या रंगात शिसं असतं, तापवलं की धूर नाकात आणि कोरडं घासलं की धूळ दुकानात. ओलं करून, केमिकल लावून, हाताने खरवडलं. मजुरांना चांगले मास्क, निघालेला चिखल बंद डब्यात. कामाला दुप्पट वेळ लागला.

उजव्या दुकानाच्या पोटमाळ्यावर शटर बसवायच्या आधीच्या दुकानाच्या उभ्या फळ्या सापडल्या. एकेक काढून-लावून दुकान बंद करायच्या त्या. अकरा आहेत. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला पटाशीने कोरलेला गुजराती आकडा, लावायच्या क्रमाने. सातव्या फळीची खालची कडा रोजच्या हाताने इतकी झिजलीये की बोटं आपोआप तिथेच बसतात. वाळवी एकीलाही नाही. उजवीकडचे भाई म्हणाले, आजोबा हीच फळी शेवटी काढायचे. साफ करून, तेलपाणी करून शटरच्या आत त्यांच्याच दुकानात उभ्या केल्यात.

८ जून

चुन्याचा हात. बोर्ड काढल्यावर खाली मूळ रंगाचा एक कोरडा पट्टा मिळाला होता, फिकट पिवळा. त्याच अंदाजाने चुन्याच्या निवळीत रामरज (पिवळी माती) कालवली. पातळ, दुधासारखे, पाच हात. पहिले दोन हात लागल्यावर काहीच दिसत नाही आणि सगळे म्हणतात डिस्टेंपर मारा. थांबायचं. वाळल्यावरच रंग उघडतो. वर प्लास्टिक पेंट किंवा कोणतंही ‘वॉटरप्रूफ’ केमिकल नाही. भिंतीतली उरलीसुरली ओल याच तोंडाने बाहेर जाणार आहे.

बोर्डांवर बरीच चर्चा झाली. आधीचे बोर्ड पेढीच्या अर्ध्या खिडक्यांवर होते, भिंतीत खिळे ठोकून. भाईंची भीती खरी होती, गिऱ्हाइकाला दुकान लांबून दिसलं पाहिजे. शेवटी शटरच्या पेटीला लोखंडी चौकट जोडून त्यावर बोर्ड घेतले, दीड फूट उंचीचे, वर दिवा. खर्च अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. गिलाव्याला एक खिळा नाही.

६ जुलै

दोन दिवस चांगला पाऊस. पाचही गर्डरांच्या टोकाशी हात लावून पाहिला, कोरडे. दर्शनी भिंत पावसाने गडद होते आणि उघडीप मिळाली की दोन-तीन तासांत पुन्हा पिवळी. तशीच व्हायला हवी.

मागच्या कोठीत मात्र नवी ओल. शोधल्यावर दिसलं की डावीकडच्या दुकानाच्या एसीचा पाण्याचा पाइप भिंतीतल्या जुन्या भोकातून सोडलेला आणि तो आतल्या आत निसटलाय. पावसाशी संबंधच नाही. पाइप बाहेरून उतरवला, भोक चुन्याने बंद केलं.

२० जुलै

परांची उतरवली. गणपतीत याच रस्त्याने मिरवणुका जातात, ऑगस्टमध्ये फुटपाथवर बांबू ठेवून चालणार नव्हतं.

हिशेब: पन्हळ, नळ आणि तोटी ५८,००० रुपये. तुळई, टेकू आणि तपासणी १,३५,०००. सिमेंट काढणं, विटा बदलणं, गिलावा आणि चुन्याचा हात मिळून २,३०,०००. यात उतरवून पुन्हा केलेली कामं धरली आहेत. लाकूडकाम १,८५,०००. परांची ४२,०००. कौलं आणि रिपा ४०,०००. एकूण ६,९०,०००. ठेकेदाराच्या अंदाजापेक्षा अडीच पट. पण त्या पावणेतीन लाखांत नळातला बोळा जागच्या जागी राहिला असता, गर्डरची टोकं सिमेंटच्या आत गंजत राहिली असती आणि आणखी काही वर्षांनी इमारत उतरवायचा पहिलाच सल्ला पुन्हा ऐकावा लागला असता.

राहिलेली कामं: मागच्या भिंतीचा सिमेंट गिलावा दिवाळीनंतर, उजव्या खांबावरचा पट्टा एखाद्या उन्हाळ्यानंतर पोकळ वाजतो का ते पाहून. चुन्याच्या खड्ड्यात अजून दोन पिंपं चुना आहे, वर पाणी ठेवलंय. जितका जुना होईल तितका चांगला. आसपास कोणाला लहान दुरुस्तीला हवा असेल तर बादली घेऊन यावं, भट्टीच्या सुरखीत मात्र मिसळू नये.